८५ टक्क्यांचा हिशेब मी पुन्हा मांडला

एप्रिल २०२५ मध्ये बोनसची वाट बघत होते, तर हाती एक आकडा आला: ७९. टार्गेट होतं ८५ टक्के बिलेबल तासांचं, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामाच्या तासांचं. थोडं जरी कमी पडलं तरी बोनस शून्य, असा आमच्या ऑफिसचा नियम.

ऑफिस बेळगावच्या टिळकवाडीत, माणसं अकरा. उद्यमबाग, मच्छेतल्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, आम्ही पॅटर्न-फिक्स्चरची (साचे घ्यायचे नमुने आणि काम पकडून ठेवायचे सांगाडे) ड्रॉइंग करतो. माझा पगार महिना २१,००० च्या वर, म्हणून १९६५ च्या बोनस कायद्यातले किमान ८.३३ टक्केही मला लागू नव्हते. जे काही होतं ते ऑफिसच्या कागदावर.

दोन दिवस नुसतं वाईट वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी टाइमशीट आणि डायरी घेऊन बसले. ३६५ दिवसांतून ५२ रविवार आणि दुसरे-चौथे २४ शनिवार गेले की २८९ दिवस उरतात. रोज आठ तास धरले तर २,३१२. ऑफिसनं ८५ टक्के यावर काढले होते, म्हणजे १,९६५ तास. पण माझी हक्काची १८ दिवसांची रजा आणि १० सुट्या त्यातच होत्या. गणपतीत ऑफिसला कुलूप असताना मी कुणाला बिल लावणार? त्या वगळल्या तर हातात २,०८८ तासच राहतात, आणि १,९६५ म्हणजे त्यांचे ९४ टक्के! मी भरले होते १,८२६, म्हणजे हजर वेळेच्या ८७ टक्के.

उरलेले २६२ तास शोधायलाच जास्त वेळ लागला. त्यातले १४० कोटेशन बनवण्यात, ९० दोन नव्या डिप्लोमावाल्या पोरांना शिकवण्यात. दोन्ही कामं दादांनीच, म्हणजे आमच्या साहेबांनीच, सांगितलेली. त्यातल्या तीन कोटेशनच्या ऑर्डरी आल्या आणि त्यांचे तास दुसऱ्यांच्या नावावर चढले. हे मला फार लागलं.

दादा चिडले नाहीत. म्हणाले, "अगं, पार्टी ड्रॉइंगचे पैसे देते, शिकवण्याचे नाही की."

"मग दादा, ते तास टार्गेटमधून तरी वजा करा."

ऑफिसचा हिशेब वहिनी, दादांच्या बायको, बघतात. त्यांनी ९४ चा आकडा स्वतः पुन्हा काढला आणि कागद दादांपुढे सरकवला.

मे महिन्यात अर्धा बोनस मिळाला. नव्या कागदावर टार्गेट हजर तासांच्या ८० टक्के आहे, म्हणजे मला वर्षाला साधारण १,६७० तास. टाइमशीटमध्ये कोटेशन आणि शिकवणीला वेगळे कोड, आणि बोनस ७० टक्क्यांपासून पायरीपायरीनं चढतो. आधी मार्च आला की टार्गेट गाठायला काहीजण एकाच ड्रॉइंगवर तास ओढत बसायचे आणि पार्टी बिलावर भांडायची.

एक गोष्ट मात्र लिहून मिळाली नाही. कामच नसेल तर ते रिकामे तास कुणाचे? काम आणणं दादांच्या हातात आणि भुर्दंड आमच्या बोनसवर, हे मला अजून पटत नाही. म्हणून 'काम नाही' असा कोड मी रोज भरते. मार्चअखेर तो कागदही वहिनींपुढे ठेवणार आहे.