माहुलीच्या घसाऱ्यावर स्कीइंगची शिकवणी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की ठाण्यात थंडी सुरू झाली असं आम्ही मानतो. थंडी म्हणजे काय, तर पहाटे पंखा दोनवर. त्याच मुहूर्तावर मित्राचा फोन आला, "रविवारी माहुलीचा किल्ला. कारणं नकोत." हा प्राणी गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करून आलाय. तेव्हापासून त्याला कुठलाही डोंगर दाखवा, आधी उतार दिसतो.

पहाटेची कसारा लोकल पकडली. टिटवाळ्यापुढे खिडकीतून बोचरा वारा यायला लागला, तेव्हा कानटोपी आणल्याचं समाधान वाटलं. आसनगावला उतरून रिक्षा केली. भातकापणी उरकलेली, खाचरांत उडव्या रचलेल्या. पायथ्याशी वनखात्याकडे नोंद करून जंगलात शिरलो. हे सगळं तानसा अभयारण्यात येतं.

चढणीवर याचं गुलमर्गपुराण सुरू झालं. "गोंडोल्यात, म्हणजे दोरावरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं, त्यात काय? बॅककंट्रीत, म्हणजे आखलेल्या उतारांबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, पाळणाच नसतो. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. आपल्या पायांनी चढायचं, माथ्यावर पट्टी सोलून काढायची आणि मग उतरायचं." पण हिवाळ्याच्या सुरुवातीला जपून, म्हणे. बर्फ पातळ असतो आणि त्याखालचे दगड दिसत नाहीत.

मी खाली पाहिलं. कमरेएवढं पिवळं गवत, वाट गडप, आणि गवतात लपलेले धोंडे.

शेवटची लोखंडी शिडी चढून महादरवाज्यात पोचलो. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड मिळून हा दुर्ग होतो; उंची साधारण 858 मीटर. पहारेकऱ्यांच्या देवडीत बसून पोळी, ठेचा आणि मऊ पडलेल्या चकल्या खाल्ल्या. निजामशाहीचा बालवारस घेऊन शहाजीराजे 1636 मध्ये याच गडावर वेढ्यात अडकले होते आणि इथेच त्यांना शरण जावं लागलं. पुढे शिवरायांनी गड घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला आणि 1670 मध्ये परत मिळवला. आमच्याकडे अजून चार चकल्या होत्या, तरी मी पाणी मोजून प्यायलो. पलीकडे नवरा-नवरीचे सुळके उन्हात उभे होते, खाली तानसा तलाव चकाकत होता.

उतरताना माझ्या उजव्या बुटाने दगा दिला. चार वर्षं माळ्यावर पडून त्याचा डिंक मेला होता. टाचेकडून सोल सुटला आणि मगरीसारखा जबडा वासून पायाखाली फटफटायला लागला. मित्राने सॅकमधली सुतळी काढून दोन वेढे मारले, गाठ वर घेतली. पुढे मुरमाड घसारा. मी भीतीने मागे कललो, आणि पाय पुढे, मी मागे, असा दहाएक फूट बुडावर गेलो. कारवीच्या झुडपाने अडवलं म्हणून थांबलो.

मित्र हसून हसून खाली बसला. मग म्हणाला, "अरे, मागे रेललास की स्की तुझी राहत नाही. गुडघे वाकव, छाती पुढे, वजन नडगीवर." आयुष्यात बर्फ फ्रीजपलीकडे न पाहिलेल्या माणसाला ही विद्या! पण करून पाहिलं. पाऊल आडवं टाकत, गुडघे सैल सोडून, मुरमाबरोबर थोडं थोडं घसरत गेलो, आणि चक्क उभा राहिलो. पुढचा उतार तर मी मुद्दाम घसरलो, हे त्याला सांगितलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये मोजे काढले. कुसळं इतकी रुतली होती की चिमटीत धरून एकेक उपटावं लागत होतं. समोरच्या काकूंनी नाकाला पदर लावून पाय आत घेतले. "सॉरी हं काकू," म्हणत मी कुसळं कागदात जमवत राहिलो. ठाणं आलं तेव्हा डावा मोजा अजून बाकी होता.