तुम्ही विचारलंत म्हणून: अरालेला कुठून भेटावं?

‘ड्रॅगन बॉल’ बघून संपवलेली मुलं, आणि हल्ली त्यांचे आईवडीलही, मला हमखास विचारतात: त्याच ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची ‘डॉ. स्लम्प’ कुठून सुरू करायची? मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायची, 1981चं अ‍ॅनिमे, म्हणजे तिच्यावरची कार्टून मालिका, बघायचं, की 1997चं?

आधी मंगा. याबाबतीत मी जराही मागे हटणार नाही.

1980 ते 1984 ती ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात चालली. तिचे 18 खंड आहेत. पेंग्विन गावात राहणारा सेनबेई नोरिमाकी हा संशोधक एक यंत्रमुलगी बनवतो, ती अराले. ताकद अफाट, नजर मात्र अधू, म्हणून डोळ्यांवर भलामोठा चष्मा. ती खेळायला आली की पोलिसांची गाडी भंगारात जाते, आणि जमिनीवर गुद्दा मारला की पृथ्वी दुभंगते. तोरियामा एका चौकटीत गुद्दा दाखवतात, लगेच पुढे दुभंगलेली पृथ्वी. मधलं काहीच काढत नाहीत, आणि हसू नेमकं तिथेच फुटतं. अ‍ॅनिमेला ते मधलं दाखवावंच लागतं. शिवाय त्यांनी काढलेल्या गाड्या, विमानं! गुबगुबीत, तरीही आत खरंखुरं इंजिन असेल असं वाटायला लावणारी. एकेका पानावर मी रेंगाळतो.

पण माझा जीव जडलाय तो अरालेच्या स्वभावावर. गोष्टींमधल्या यंत्रमानवांना बहुतेक वेळा माणूस व्हायचं असतं, आणि त्या ओढीतून करुणा निर्माण केली जाते. अरालेला तसली ओढच नाही. मुंडकं निखळलं तर ते हातात धरून ती मजेत गप्पा मारते. शेणगोळा दिसला तरी तिला तेवढंच कौतुक, काडीने टोचून बघणार. सेनबेई तिला आपली धाकटी बहीण म्हणून शाळेत घालतो, पुढे तिथल्याच मिदोरी बाईंशी लग्न करतो, आणि धातू खाणाऱ्या गाच्चान या पंखवाल्या बाळासकट हे घर भरत जातं. तिला सुधारायला कोणी जात नाही. लहान मुलांसाठी याहून प्रेमळ गाव कोणी रंगवलं असेल, असं मला खरंच वाटत नाही.

आणि मूळ बेतात नायक होता सेनबेई! संपादक काझुहिको तोरिशिमा यांनी मुलीलाच पुढे आणायचा आग्रह धरला, तेही मुलग्यांच्या साप्ताहिकात. तोरियामांनी पुढे या संपादकांवरूनच दुष्ट शास्त्रज्ञ डॉ. माशिरितो रंगवला.

मंगेनंतर 1981चं अ‍ॅनिमे घ्या. तोएई अ‍ॅनिमेशनचे 243 भाग आहेत, सगळे बघायची सक्ती नाही; पण मामी कोयामा यांच्या आवाजातली अरालेची आरोळी एकदा कानात बसली की पुढे मंगा वाचतानाही तीच ऐकू येते. 1997चं 74 भागांचं अ‍ॅनिमे रंगाने ताजं आहे, लहानग्यांना चालेल. माझ्यासाठी अराले म्हणजे कोयामाच.

हे 243 भाग फेब्रुवारी 1986मध्ये संपले आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच बुधवारच्या वेळेला, ‘ड्रॅगन बॉल’ सुरू झालं. त्यात नायक गोकू खलनायक जनरल ब्लूचा माग काढत पेंग्विन गावात येतो, तो भाग तुम्ही बघितला असेलच. चष्मेवाली ही मुलगी कोण, हे तेव्हा कळलं नसेल. आता पुन्हा बघा: ज्या ब्लूने गोकूला जेरीस आणलं, त्याला अराले एका धडकेत उडवून लावते, आणि तिच्या लेखी तो नुसता खेळ असतो.