स्पोकवरची शाई

गेल्या महिन्यातला एक शुक्रवार डोक्यातनं जात नाही, म्हणून लिहून काढतोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. जुन्या बुलेट जास्त येतात. ही गुरुजींची. 1976 ची, त्यांच्या वडिलांनी उसाच्या बिलातनं घेतलेली. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, बिडाचं इंजिन. पुढचा ड्रम मात्र काही वर्षांमागं कुणीतरी काढून टाकला आणि दुसऱ्या गाडीचा शॉकअप, हब आणि 280 मिलिमीटरची डिस्क बसवली. चाक स्पोकचंच ठेवलं.

गुरुजींचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं ऑनलाइन चार पिस्टनचा कॅलिपर मागवला, म्हणजे पिस्टननं पॅड ढकलून डिस्क आवळणारा ब्रेकचा जबडा, सोबत तो शॉकअपला धरायला ॲल्युमिनियमचं ब्रॅकेट. खोक्यावर लिहिलेलं, बोल्ट-ऑन. म्हणजे काढा आणि बसवा. शनिवारी पहाटे तो हीच गाडी घेऊन आजरा, आंबोलीमार्गे गोव्याला निघणार होता आणि माल माझ्याकडं आला शुक्रवारी सकाळी दहाला.

बोल्ट-ऑन हा शब्द ज्यानं काढला त्यानं स्पोकचं चाक हातात धरलं नसावं. अलॉयच्या चाकाला तो ठीक आहे. साध्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त बाहेरच्या बाजूला असतात, आत स्पोककडं नुसती एक पातळ बोटासारखी पट्टी येते. चार पिस्टनच्या पक्क्या, न सरकणाऱ्या कॅलिपरमध्ये दोन पिस्टन आतल्या बाजूलाही असतात. त्यांना घर लागतं, घराला भिंत लागते. म्हणजे डिस्क आणि स्पोक यांच्यामध्ये जी जागा आहे तिथंच हा सगळा जाडजूड भाग घुसवायचा. त्यात स्पोक सरळ उभे नसतात. हबच्या काठाशी ते सगळ्यात बाहेर असतात आणि रिमकडं जाताना आत झुकत जातात. हबच्या एकाच काठावर निम्मे स्पोक बाहेरून वाकवून घातलेले, निम्मे आतून, त्यामुळं एकाआड एक स्पोक बाहेर येतो. मोठी डिस्क घेतली तर कॅलिपर रिमकडं सरकतो आणि जागा आपोआप वाढते. 280 च्या डिस्कवर कॅलिपर बरोबर अडचणीच्या जागी येतो.

दुसरी गोष्ट लोकांना सांगून सांगून थकलो. समोरासमोरचे चार पिस्टन म्हणजे दुप्पट ब्रेक नव्हे. दाबाचा हिशोब एकाच बाजूच्या पिस्टनचा होतो. जुन्या कॅलिपरमध्ये 28 मिलिमीटरचे दोन होते, नव्यात 32 चे चार, म्हणजे हिशोबात दोनच. वर्ग करून बघा, वाढ जेमतेम 30 टक्के. मास्टर सिलेंडर, म्हणजे लिव्हरपाशी तेल दाबणारा, तोच ठेवला तर लिव्हर तेवढाच जास्त आत येणार. पोरं पिस्टन मोजतात, मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, कुणी विचारत नाही.

तरी काम घेतलं. गुरुजींना नाही म्हणवलं नाही.

सरकता कॅलिपर डिस्क थोडी इकडंतिकडं असली तर सांभाळून घेतो. पक्का घेत नाही, त्याच्या खाचेत डिस्क अगदी मधोमध लागते. फीलर गेजच्या पट्ट्या घालून बघितलं तर दोन बाजूंच्या फटीत 0.6 मिलिमीटरचा फरक. म्हणून ब्रॅकेटखाली त्याच्या निम्मी, 0.3 ची पितळी शिम, म्हणजे पातळ चकती, कापून घातली. हातानं कापून, कानशीनं कडा मारून. बाजारात तयार मिळते, पण ती सगळीकडं सारखी नसते. रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. त्यात दुपार गेली.

मग स्पोकची जागा. यासाठी मी शाडू वापरतो. गणपतीच्या कामाची, कुंभार गल्लीतनं आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. कॅलिपरच्या आतल्या भिंतीवर शाडूचा जाड थर लावायचा, चाक हातानं सावकाश फिरवायचं. स्पोक शाडूला स्वतःची वाट पाडून जातात. मग ब्लेडनं उभा काप घ्यायचा आणि उरलेला थर व्हर्नियरनं मोजायचा. सगळ्यात बाहेरच्या स्पोकपाशी दोन मिलिमीटर भरला. मी निदान एक सूत धरतो, म्हणजे तीनच्या जरा वर. दोन कमीच. पण चार वाजले होते, गुरुजींचा दोनदा फोन येऊन गेला होता, आणि चाक हातानं फिरवताना कुठं लागत नव्हतं. चालतंय, असं मीच मोठ्यानं म्हणालो.

ब्रेकमधली हवा काढली, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले, आणि पन्हाळ्याला निघालो. नवीन ब्रेकची ट्रायल मी घाटातच घेतो, गल्लीत काही कळत नाही. मागं गॅरेजमधलं पोरगं बसलेलं. एकोणीस वर्षांचं आहे, दोन वर्षं झाली माझ्याकडं.

उतरताना ब्रेक झकास लागत होता. दोन बोटांत गाडी बसत होती. वाघबिळाच्या वरच्या वळणावर पोरगं म्हणालं, "मामा, पुढं कायतर टिकटिक वाजालंय."

मी म्हटलं, "नवीन पॅड हाईत, बसूस्तोवर वाजत्यात."

पुढच्या वळणाला परत. "मामा, ब्रेक दाबला की वाजालंय. सोडला की न्हाई."

"गप बस जरा," मी म्हणालो. हेल्मेट, सायलेन्सरचा धबधब, उतार. मला खरंच ऐकू आलं नव्हतं. पण ते नेमकं काय सांगत होतं ते मी ऐकायला हवं होतं. पॅड बसताना येणारा आवाज सलग असतो, घासल्यासारखा. टिकटिक म्हणजे मोजून येणारी वस्तू. चाकात मोजून येणारी वस्तू एकच.

गॅरेजला आलो. मी चहाला गेलो, गुरुजींना गाडी तयार आहे म्हणून फोन केला. परत आलो तर पोरगं पुढच्या चाकापाशी बसलेलं. त्यानं मार्करनं त्या बाजूचे सगळे स्पोक कॅलिपरच्या उंचीवर बोटभर निळे रंगवले होते, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन चार वेळा करकचून ब्रेक मारला होता आणि परत आणली होती. माझ्याशी काही बोललं नाही. बॅटरीचा उजेड मारला आणि बाजूला झालं.

तीन स्पोकांवरची शाई गेली होती. नुसती गेली नव्हती, त्याखाली धातू चकाकत होता, नखानं चाचपला तर खाच लागत होती.

मी खाली बसलो. उभा राहून बघायची ती गोष्ट नव्हती.

चूक ब्रॅकेटमध्ये होती, आणि ती उभ्या गाडीवर शाडूनं कधीच कळली नसती. माणूस धरून गाडी अडीचशे किलो. पुढच्या ब्रेकवर जोरात दाबली तर टायरपाशी पावणेदोनशे किलोची ओढ येते. चाकाची त्रिज्या डिस्कच्या अडीचपट, म्हणून कॅलिपरपाशी तीच ओढ सव्वाचारशे किलोच्या वर जाते. आता ब्रॅकेट जिथं बसतं तो शॉकअपचा कान आणि कॅलिपर एका रेषेत नव्हते, मध्ये पंधराएक मिलिमीटरचं अंतर. म्हणजे ती ओढ ब्रॅकेटला नुसती ताणत नाही, पिळते. ब्रॅकेटची प्लेट होती 8 मिलिमीटरची. दर ब्रेकला कॅलिपरचं एक टोक आत झुकत होतं. एखादा मिलिमीटर त्याचा, उरलेला चाकाचा आणि हबचा, आणि माझे दोन मिलिमीटर संपले. पॅड काढून बघितले तर तेही एका कडेला जास्त खाल्लेले.

खाच पडलेला स्पोक लगेच तुटत नाही. तो कुठंतरी घाटात तुटतो, शेजारच्यावर भार टाकतो, आणि तुटलेलं टोक फिरत फिरत कॅलिपरमध्ये अडकलं तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. आंबोलीचा घाट माझ्या डोळ्यासमोर आला.

गुरुजींना परत फोन केला. मुलगाही लाइनवर आला. "काका, त्यांनी बोल्ट-ऑन म्हणून दिलंय, एवढे लोक वापरतात." मग म्हणाला, आतनं थोडं घासून घ्या की. कॅलिपरची भिंत घासायची! तिच्यामागं तेलाचा दाब असतो. असं घासून देणारे गावात आहेत, मला माहीत आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. मी सांगितलं, गाडी आज गॅरेजमधनं बाहेर जाणार नाही. मुलाचा आवाज पडला. गुरुजी मात्र रात्री नऊला स्वतः आले, स्टुलावर बसले, चष्मा वर करून ते तीन स्पोक बोटानं चाचपले आणि म्हणाले, "मेस्त्री, लागतील तेवढे दिवस घ्या." मुलगा ट्रॅव्हल्सनं गोव्याला गेला.

पुढचं काम सांगायला मला आवडतं, कारण ते उद्यमनगरात चालत जाऊन होतं. पुठ्ठ्याचा साचा कापला, शेजारच्या मिलिंगवाल्याकडनं 12 मिलिमीटरच्या प्लेटचं ब्रॅकेट करून घेतलं. जाडी दीडपट झाली की पिळापुढचा ताठपणा तीनपटीच्या वर जातो, जाडीचा घन धरायचा असतो. कानाच्या बाजूला एक पायरी ठेवून कॅलिपर त्याच्या जवळ आणला. डिस्क तीन मिलिमीटर बाहेर घेण्यासाठी लेथवर रिंग केली. नुसते वायसर घालून डिस्क बाहेर काढणारे पाहिलेत मी. रिंगला हबच्या गळ्यावर नेमकं बसणारं तोंड पाहिजे, नाहीतर डिस्क बोल्टांवर लटकते. आमचे टर्नर अण्णा सत्तरीचे आहेत. त्यांनी ती रिंग अशी बसवली की हातानं ढकलली तर हवा दबून हळूहळू आत गेली. ज्या गावानं म्हादबा मेस्त्रींसारखा यंत्रांचा जाणकार माणूस पाहिला तिथं अशी माणसं अजून आहेत, याचं मला बरं वाटतं.

तीन स्पोक नवे घातले, परत आऊट काढला, परत शाडू. पाच मिलिमीटर. परत निळी शाई, परत पन्हाळा, मागं परत तेच पोरगं. चारदा चढलो-उतरलो. शाई जशीच्या तशी.

बुधवारी गुरुजी गाडी न्यायला आले. ब्रेक मारून बघितला, खूश झाले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मेस्त्री, तुमच्यामुळं माझं पोरगं वाचलं." मी हसून हात जोडले. गॅरेजमधलं पोरगं शेजारीच रॉकेलमध्ये कार्बोरेटर धूत बसलेलं, त्यानं मान वर केली नाही.

तेव्हा मी त्याचं नाव घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. जुने तीन स्पोक माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, रोज पाना काढताना हाताला लागतात. त्याला बोलावून ते अजून दाखवलेले नाहीत.