परवडणारा ट्यूबा घेताना

आमच्या बँडसाठी आज नाशिकच्या भद्रकालीत मेरठच्या बनावटीचा एक वापरलेला ट्यूबा (खर्जातले सूर देणारे पितळी फुंकवाद्य) पाहिला आणि नीट पारखूनच घेतला. कर्ण्यावरच्या पोच्यांनी आवाज फारसा बिघडत नाही; खरी परीक्षा व्हॉल्व्हची, म्हणजे सूर बदलण्यासाठी दाबायच्या झडपांची असते. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड (नळीचा सरकता तुकडा) ओढून मग तो दाबल्यावर ‘फट्’ असा स्पष्ट आवाज आला, तर हवा गळत नाही असे समजावे. हे तपासायलाच हवे, कारण बी-फ्लॅट सुराच्या ट्यूब्याच्या सुमारे १८ फूट नळीत जराशी गळती असली तरी खालचे सूर लगेच पोकळ वाटू लागतात. तिन्ही व्हॉल्व्ह या कसोटीला उतरले. एका सांध्याचा डाख मात्र सुटला आहे. भांडी बाजारातील कारागीर तो सहज लावून देतील. स्वस्तातला नवाकोरा पण सैल व्हॉल्व्हचा ट्यूबा घेण्यापेक्षा हा व्यवहार मला अधिक समाधानाचा वाटतो.