एकाच ड्रायव्हरवर लाल, हिरवा आणि निळा

वेगवेगळ्या रंगांचे पॉवर एलईडी एकाच ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणाऱ्या डबीवर, चालतात का, असं मी सीताबर्डीतल्या दुकानात विचारलं आणि एकाच काउंटरवर दोन उत्तरं मिळाली. एक जण म्हणाला, "चालते ना भाऊ, सिरीज मारा." दुसरा म्हणाला, "रंग मिसळू नका, उडतील." दोघंही खरं बोलत होते. पहिल्याच्या डोक्यात सिरीज होती, म्हणजे एकामागे एक जोडलेले एलईडी; दुसऱ्यानं पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडलेले, उडालेले पाहिले असावेत.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. मागच्या क्रीम पडद्यावर खालून वर चढत जाणारे रंग मला हवे होते. तयार पट्टीचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून स्टार प्लेटवर (चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर) बसवलेले १ वॅटचे एलईडी आणि वर लेन्स, असं ठरवलं.

सगळी गुंतागुंत व्होल्टेजची आहे. लाल एलईडी साधारण २ ते २.५ व्होल्टवर चालतो, हिरवा आणि निळा ३ ते ३.५ व्होल्टवर, कारण आतला पदार्थच वेगळा असतो. आता लाल आणि निळा पॅरललमध्ये लावले तर काय होतं पाहा. दोघांवर व्होल्टेज एकच राहणार, आणि ते लालच ठरवणार. निळा जवळजवळ पेटतच नाही आणि ड्रायव्हरचा सगळा करंट एकट्या लालमधून जातो. त्यात एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज आणखी उतरतं, म्हणजे जो जास्त ओढतो तो आणखीच ओढतो. सिरीजमध्ये हा प्रश्न उरत नाही. ३०० मिलिअँपिअर सगळ्यांमधून तेवढेच जातात, प्रत्येक रंग आपल्याला लागेल तेवढं व्होल्टेज घेतो आणि बेरीज ड्रायव्हर सांभाळतो.

ती बेरीज मात्र आपणच करायची. माझ्या ड्रायव्हरवर लिहिलं होतं: ४ ते ७ एलईडी, १२ ते २५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर. यातला एलईडीचा आकडा पांढऱ्यांसाठी धरलेला असतो. खात्री करायला मी मुद्दाम चार लाल लावून पाहिले. बेरीज नऊ व्होल्टच्या आत, आणि ड्रायव्हर नुसता लुकलुकत राहिला. म्हणून नग मोजू नका, व्होल्ट मोजा. मी तीन लाल, दोन हिरवे, दोन निळे घेतले. लालचे २.२ प्रमाणे ६.६ आणि बाकी चारांचे ३.२ प्रमाणे १२.८, एकूण १९.४ व्होल्ट. मर्यादेच्या जवळजवळ मधोमध.

स्टार प्लेटला वायर सोल्डर करायची ती हीटसिंकवर, म्हणजे गरमी ओढून घेणाऱ्या धातूवर, बसवण्याआधी. एकदा ॲल्युमिनियमच्या चॅनलवर घट्ट बसली की सोल्डरिंग आयर्नची सगळी गरमी चॅनल पिऊन टाकतं आणि सोल्डर धरत नाही. मग पातळ थर्मल पेस्ट लावायची, स्क्रू आवळायचे, आणि मल्टिमीटरनं प्रत्येक टोक चॅनलला शॉर्ट नाही ना हे तपासायचं. नागपूरच्या भाद्रपदातला दमट उकाडा, मखराच्या मागची कोंदट जागा, म्हणून चॅनल मी गरजेपेक्षा बरंच लांब घेतलं. लाल एलईडी तापल्यावर निळ्यापेक्षा जास्त मंद होतो. थंडावा कमी पडला तर संध्याकाळी लावलेला रंग रात्रीपर्यंत निळसर होत जातो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. स्वस्त ड्रायव्हरांपैकी काही नॉन-आयसोलेटेड असतात, म्हणजे एलईडीच्या वायरींनाही घरच्या लाइनचा शॉक बसू शकतो. पूजेला बायका, लेकरं, ओल्या हातानं वावरणारी माणसं तिथेच असतात. म्हणून आयसोलेटेड ड्रायव्हरच घ्या, चॅनलला अर्थिंग द्या आणि ड्रायव्हर पडद्यापासून लांब ठेवा. दुसरी गोष्ट एलईडीच्या जिवाची. ड्रायव्हर चालू असताना एलईडी जोडू नका. मोकळ्या ड्रायव्हरचं व्होल्टेज चढलेलं असतं, आतला कपॅसिटर भरलेला असतो, आणि वायर टेकताच तो सगळा एलईडीत रिकामा होतो. आधी एलईडी, मग प्लग.

पेटवल्यावर पडद्यावर हिरव्याचंच राज्य दिसलं. करंट सगळ्यांना सारखा असला तरी डोळ्याला हिरवा रंग सगळ्यात जास्त जाणवतो, म्हणून हे होणारच. सिरीजमध्ये एकाच रंगाचा करंट कमी कसा करायचा? याचं उत्तर मला फार आवडलं: त्या एलईडीला समांतर एक रेझिस्टर लावायचा. ३३ ओहमचा रेझिस्टर ३ व्होल्टला साधारण ९० मिलिअँपिअर स्वतःमधून वळवतो आणि हिरव्याला २१० उरतात. बाकीच्यांना ३०० तसेच मिळतात. तिथे अर्ध्या वॅटचाही खर्च नाही, तरी रेझिस्टर मी ५ वॅटचा लावला, कारण तो एलईडी कधी ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर सगळा करंट रेझिस्टरमधून जाईल आणि तेव्हा तिथे ३ वॅट होतील. दोन्ही हिरव्यांना असे एकेक रेझिस्टर बसवले आणि तिन्ही रंग एकमेकांत नीट मिसळले.

मग मोठी आई बघायला आली. "अरे, ज्येष्ठेचा हिरवा शालू काळा कशानं दिसून राहिला?" लाल एलईडीचा थोडा उजेड शालूवर पडत होता, आणि लाल उजेडात हिरवं कापड परत पाठवणार काय? तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. मुखवटे आणि साड्या खऱ्या रंगात दिसल्याच पाहिजेत. त्यामुळे रंगांचं चॅनल मागे सरकवून पडद्याकडे वळवलं आणि समोरून वॉर्म व्हाइटची वेगळी ओळ दिली, वेगळ्या ड्रायव्हरवर. त्याच जातीचा ड्रायव्हर होता, म्हणून तिथे चार न लावता पाच लावले. चारांचे जेमतेम १२.८ होतात, पाचांचे १६.

आता पुढच्या वर्षी तिन्ही रंगांना उजेड कमी-जास्त करता येणारे वेगवेगळे ड्रायव्हर द्यायचे आहेत, म्हणजे आरतीला लाल वाढवता येईल. प्रत्येक ओळ एकाच रंगाची असेल तेव्हा लालचे किमान सहा तरी घ्यावे लागतील, नाहीतर १२ व्होल्ट भरणार नाहीत.