डभोईच्या शेतातला 'मा गा' पैसा

'त्या रायणीच्या झाडाखाली आमचे पणजोबा मजुरांना चुकारा करायचे,' असं नाना जेवताना सहज बोलून गेले आणि माझा घास हातातच राहिला. मेटल डिटेक्टर दोन वर्षं रावपुऱ्यातल्या आमच्या घरी माळ्यावर धूळ खात होता. विकत घेताना बायकोला 'व्यायाम होईल' असं सांगितलं होतं. व्यायाम म्हणजे तो माळ्यावर चढवणं आणि उतरवणं, एवढाच झाला होता.

वडोदऱ्याहून डभोई तीसेक किलोमीटर. प्रतापनगरहून एकतानगरकडे जाणारी गाडी धरा, नाहीतर कपुराई चोकडीवरून एसटी. मी गाडीने गेलो, कारण त्या रुळांचं मला अप्रूप आहे. गायकवाडांनी १८६२ साली डभोई-मियागाम नॅरो गेज टाकली, तेव्हा सुरुवातीला डबे बैल ओढायचे. प्रतापनगर-डभोई मार्ग आता ब्रॉडगेज झालाय. डिटेक्टरची कॉइल काढून, दांडीचे तुकडे करून पिशवीत भरा. अख्खा घेऊन बसलात की शेजारचा विचारणारच. मला विचारलं गेलं, 'आ शुं छे भाई, माछलां पकडवानुं?' हो म्हटलं. विषय मिटला.

डभोईत उतरल्यावर हिरा भागोळ ही किल्ल्याची जुनी वेस बघा, डोळे भरून बघा, पण पिशवीची चेन उघडू नका. ते संरक्षित स्मारक आहे. भोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र. 'नुसतं बघतोय हो' ही सबब तिथे चालत नाही आणि चालूही नये. वडोदरा शहरातल्या ज्यांना विश्वामित्रीचा काठ खुणावतो, त्यांना एवढंच सांगतो: लोकांनी नदीत टाकलेली नाणी तिथे असतीलही, पण राखणीला मगरी आहेत. खऱ्या.

शेत नानांचं असलं तरी कसतो भागिया, म्हणजे पिकाच्या वाट्यावर राबणारा. नानांनी हो म्हटलं म्हणजे झालं, असं समजलो ही माझी पहिली चूक. सकाळी आम्ही पोचलो तर तो बांधावर हाताची घडी घालून उभा. त्याच्या डोळ्यांसमोर शेतात खड्डे पडणार आणि त्याला कोणी विचारलंही नाही. चहा झाला, भाताची कापणी झालेल्या तुकड्याबाहेर जाणार नाही असं ठरलं, प्रत्येक खड्डा तिथल्या तिथे बुजवायचं कबूल केलं. मग तोच खुरपं घेऊन माझ्या मागे आला आणि दिवसभर हलला नाही. तेव्हा मालक आणि कसणारा, दोघांनाही आधी विचारा. मालकाशी वाटणीचं चार ओळींत लिहूनही ठेवा. पुढे कायद्याचं येईल तेव्हा कळेल का ते.

आता काळ्या मातीचं. उन्हाळ्यात ही जमीन हात जाईल एवढी फाटते, वरच्या वस्तू भेगांतून खाली जातात आणि पावसाळ्यात ती फुगून मिटते. म्हणजे ही माती स्वतःलाच नांगरत असते. म्हणून जुनी वस्तू वर आणि नवी खाली, असंही सापडतं. खोलीवरून वयाचा अंदाज बांधू नका. मार्गशीर्ष मला बरा वाटला. भात निघालेलं असतं, ओल टिकून असते, आणि ओलीत सिग्नल जरा खोलवरून येतो. चैत्र-वैशाखात आलात तर खुरपं दगडावर मारल्यासारखं वाजेल.

मशीन चालू केल्यावर आधी ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा होतो. लोखंडाला माझं मशीन घोगरं बोलतं, तांब्या-चांदीला चिवचिवतं, आणि मधल्या सुरात गुटख्याच्या पुड्या. पुड्यांचा मधला सूर सरसकट बंद करण्याचा मोह होतो. करू नका, बारीक नाणीही तिथेच बोलतात. पहिल्या तीन तासांत निघालेला ऐवज: पंपाच्या वायरीचे तुकडे, नालेचा अर्धा भाग, एक बोल्ट, चौकोनी पाच पैसे, षटकोनी वीस पैसे, आणि पुड्या मोजल्या नाहीत. भागिया दर वेळी विचारायचा, 'सोनुं नीकळ्युं के?'

रायणीखाली मी उगाच उशिरा गेलो. आधी जायला हवं होतं. शेतात कुठे शोधायचं हे माणसं कुठे बसायची यावर ठरतं: जुनं झाड, विहिरीचं थारोळं, खळं, जुनी गाडवाट. झाडापासून सहा पावलांवर सूर आला. आडवा फिरवला तरी तोच, उभा फिरवला तरी तोच. मशीनच्या पडद्यावरचा आकडाही हलला नाही. अशा सिग्नलला उकरायचंच. तीन बाजूंनी खाप कापली, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून ढेकूळ उलटवलं. साधारण वीतभर खाली, ढेकळाच्या पोटात, हिरवट-काळी चकती. जुन्या आठ आण्याएवढी, पण जाडीला चांगली दुप्पट आणि कडेला वेडीवाकडी. अंगठ्याने पुसायचा मोह झाला तो आवरला. ओल्या मातीतले कण वाळूच्या कागदासारखे काम करतात. तसंच कागदाच्या पाकिटात घातलं, जागेचा फोटो काढला, झाडापासूनचं अंतर लिहिलं.

इथवर सगळं शहाण्यासारखं केलं. रात्री नानांच्या घरी पाकीट ओट्यावर ठेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. काकू पहाटे उठून तांब्याचा कलश, पळी, ताम्हण चिंच-मिठाने घासत होत्या. मी उठलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. पाकीट रिकामं.

'काकू, यातलं नाणं?'

'कलशात घातलंय. अरे, किती मळलेलं होतं ते! घासून लख्ख केलं. सापडलं ते लक्ष्मीच्याच दिवसांत, मग बंद्या रुपयाला कशाला बसवायचं?'

काय बोलणार? संध्याकाळी आरती झाल्यावर आणि शुक्रवारी कलश हलवल्यावरच ते हातात आलं. गुलाबी, नव्या भांड्यासारखं. दीडशे वर्षांत चढलेला हिरवा थर पाच मिनिटांत गेला होता. तुम्ही तरी चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट काही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, दर दिवशी पाणी बदला, मऊ ब्रशने हलकेच माती सोडवा, आणि तेवढ्यावर थांबा. आणि पाकीट ओट्यावर ठेवू नका.

दांडिया बाजारात नाणी जमवणारे एक आजोबा आहेत. त्यांनी भिंग लावलं, तिरपा उजेड पाडला आणि फारसी अक्षरांच्या गर्दीत नखाने दाखवलं: देवनागरी 'मा', आणि शेजारी 'गा'. मल्हारराव गायकवाड. गायकवाडांच्या, यंत्राऐवजी हाताने पाडलेल्या नाण्यांवर मजकूर फारसी, पण राजा कोण ते या दोन नागरी अक्षरांवरून कळतं. गणपतरावांचं 'ग गा', सयाजीराव दुसऱ्यांचं 'सा गा'. मल्हारराव १८७० च्या नोव्हेंबरात गादीवर आले आणि १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युत झाले. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालण्याच्या प्रयत्नाचा खटला त्यांच्यावर चालला. खटला ऐकणाऱ्या आयोगातले तीन इंग्रज एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या, तरी गादी गेलीच. जेमतेम साडेचार वर्षांची कारकीर्द, म्हणून 'मा गा' कमी दिसतं. आजोबा म्हणाले, 'असं घासलेलं मी पहिल्यांदा बघतोय.' काकूंचं नाव मी सांगितलं नाही.

आता कायदा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं: काय, अंदाजे किती किमतीचं, कुठे, कधी. न कळवल्यास सापडणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालक निघाला नाही आणि आधी करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जागेच्या मालकाला. सरकार स्वतः किंमत देऊनही ठेवू शकतं. एकटा पैसा 'निधी' होतो का, यावर वाद घालता येईल. मी घातला नाही. शंभर वर्षांवरचं असल्याने ते पुरावस्तू आहेच, तेव्हा परदेशी पाठवायचा विचारही नको.

कचेरीत अर्ज घेणाऱ्याने आधी मला हरवले-सापडलेच्या खिडकीवर पाठवलं, तिथून जमिनीच्या. तिसऱ्या खिडकीवर कायद्याची प्रत पुढे केली तेव्हा शिक्का पडला. प्रत बरोबर न्या, अर्जाच्या दोन प्रती करा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बाकी सामान थोडकंच: हेडफोन (गावची पोरं आवाजाला गोळा होतात), खुरपं, कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, कागदी पाकिटं, पेन, पाणी. निघालेला कचरा शेतात परत टाकू नका. भागिया त्यावरूनच तुम्हाला जोखतो.

निघताना त्याची बायको बांधावर आली. दोन वर्षांपूर्वी भात लावताना तिची एक पायल चिखलात गेली होती, चांदीची. आजवर तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कुठल्या वाफ्यात ते तिला अजून नेमकं आठवतं. पुढच्या शनिवारी तिथूनच सुरुवात करायची आहे.