पांढऱ्या टोपाखालचे वय

मंगळवार, रात्र

आज दुपारी ‘मदर इंडिया’ पुन्हा पाहिला. या वेळी माझे लक्ष कथेपेक्षा नर्गिसच्या पांढऱ्या केसांवर आणि चेहऱ्यावर रंगवलेल्या सुरकुत्यांवर खिळून राहिले. १९५७ साली हा चित्रपट आला तेव्हा ती २८ वर्षांची होती, आणि तिच्या मुलाची भूमिका करणारा सुनील दत्त तिच्याहून अवघ्या पाच दिवसांनी लहान होता. तिचा अभिनय थोर आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही, म्हातारपण दाखवायचे असले की तरुण चेहऱ्यावरच ते चढवायचे, ही सवय मला आज फार खुपली. ‘कभी कभी’मध्ये, म्हणजे १९७६ साली, अमिताभची प्रेयसी असलेली राखी १९८२च्या ‘शक्ती’त त्याची आई झाली, आणि प्रत्यक्षात ती त्याच्याहून लहान! मालिकांमध्ये तर कथा वीस वर्षे पुढे सरकताच तिशीतल्या नायिकेच्या केसांत एक पांढरी बट येते आणि ती सासू होते. मग ज्यांचे केस खरोखरच पिकले आहेत, त्या अभिनेत्रींनी कोणत्या भूमिकांची वाट पाहायची? नीना गुप्ता यांनी २०१७ साली आपल्याला चांगल्या भूमिका हव्या आहेत, असे जाहीरपणे लिहिले होते; ‘बधाई हो’ त्यानंतरच्या वर्षी आला.

मला त्याहून अधिक सलते ते लेखन. पडद्यावरची वृद्ध स्त्री खोलीत येते ती कोणाला तरी आशीर्वाद द्यायला, कोणाचे तरी लग्न मोडायला किंवा जमवायला, नाहीतर आजारी पडून मुलांना एकत्र आणायला. दुसऱ्या कोणाचे काम नसताना, दार लावून एकटी असताना ती काय करते, हे क्वचितच दिसते. घरातले सगळे निजल्यावर माझी आई खिडकीशी बराच वेळ बसून राहायची. ती कसला विचार करते, हे आम्ही भावंडांनी तिला कधी विचारले नाही. आज मी स्वतः तिच्या त्या वयाला पोहोचले आहे, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाचे मला फार वाईट वाटते.

म्हणूनच रात्री ‘फॉर्टी फाइव्ह इयर्स’ लावला. २०१५चा हा इंग्रजी चित्रपट शार्लट रॅम्पलिंगने सत्तरीला टेकलेली असताना केला आणि तिच्या चेहऱ्यावर कोणताही टोप किंवा रंग वय चढवत नाही, कारण ते तिथे आहेच. लग्नाला ४५ वर्षे झाल्याच्या समारंभात ती नवऱ्यासोबत नाचते, नाच संपताना त्याच्या हातातून आपला हात ओढून घेते, आणि कॅमेरा तिला सोडून जात नाही. ती एक शब्दही बोलत नाही. तेवढे दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिले, आणि तिसऱ्यांदा मला त्या चेहऱ्यात खिडकीशी बसलेली आई दिसली.